एकटीने वाडी, घर आणि गोठा: आधी काय सोडावं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. इथे कोकण-गोव्याकडचे बरेच बागायतदार आहेत म्हणून विचारते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही.

दापोली तालुक्यात खाडीच्या अंगाला आमचं घर आहे. पडवी, ओटी, माजघर, मागे विहीर आणि गोठा, सगळ्यावर मंगलोरी कौलं. घराला लागून एकरभर वाडी आहे. त्यात चाळीसेक माड, दीडशेच्या आसपास पोफळी, मधूनमधून केळी आणि जायफळाची काही झाडं. वर सड्याला काजू आणि हापूसची कलमं. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, त्यानंतर सासऱ्यांनी ती लावली. खाली खलाटीत भाताची थोडी जमीन. गोठ्यात एक गाय आणि तिची पाडी.

माणसं मात्र दोनच. मी ४९ वर्षांची आणि सासूबाई ८२ वर्षांच्या. हे मुंबईला नोकरीत आहेत, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार येतात. निवृत्तीला अजून अवकाश आहे. मुलगी पुण्याला शिकते.

इतकी वर्षं निभावलं ते आमच्याकडे कामाला असलेल्या काकांमुळे. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. कोणत्या माडाचं पाणी कुठल्या दांडाने जातं, कुठल्या कोपऱ्यातला गडगा पावसात ढासळतो, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांचे गुडघे गेले आणि मुलाने त्यांना पनवेलला नेलं. योग्यच केलं त्याने. पण आता पूर्णवेळ माणूस मिळत नाही. आंब्याच्या दिवसांत तर जो तो मोठ्या बागांकडे जातो, आणि नेपाळहून आलेली मंडळीही बागायतदारांनी आधीच बांधून घेतलेली असतात.

मला कामाचा कंटाळा नाही. पहाटे गोठा, मग स्वयंपाक, मग वाडी, दुपारी सासूबाईंचं औषधपाणी, संध्याकाळी पुन्हा गोठा. पण सगळंच अर्धं राहतं. शिपणं नीट होत नाही, पोफळीखाली विऱ्या आणि माडाखाली झावळ्या पडून राहतात, रतांबे वेळेवर काढले जात नाहीत आणि सड्यावर तर महिनोन्महिने फेरी होत नाही. गावातले म्हणतात गाय विक. मोठे दीर म्हणतात भात सोडू नकोस, जमीन पडीक राहिली की हातची जाते. हे म्हणतात सड्यावरची कलमं कराराने देऊन टाकू. प्रत्येकाचं खरं वाटतं आणि ठरत काहीच नाही.

मला घर आणि वाडी सोडायची नाही. हे आधीच सांगते, म्हणजे मुंबईला जाऊन राहा असं कोणी सुचवणार नाही. प्रश्न एवढाच की एका माणसाने हे चालवायचं तर आधी काय सोडायचं, कशाला हात लावायचा नाही? जे स्वतः करतात त्यांनी कृपया लिहा.

---

सड्यावरचा

ताई, मी लांजा तालुक्यात. माझी सगळी बाग कातळावर, त्यामुळे वाडीचं मला कळत नाही. सड्यावरचं आणि खलाटीतलं सांगतो.

काजू ही एकट्या माणसाला परवडणारी बाग आहे. बी आपोआप खाली पडते, वेचायची, बोंडू पिळून वेगळा करायचा, उन्हात वाळवून पोत्यात भरायची. फक्त झाडाखालचं रान माघापर्यंत बेणून स्वच्छ हवं, नाहीतर पाचोळ्यात बी दिसत नाही. पालवी-मोहोराच्या वेळी ढेकण्यावर फवारणी लागते, तेवढ्यापुरता माणूस बघावा लागतो.

सड्याचं खरं भय वणव्याचं. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळलं की बागेभोवती चांगली रुंद पट्टी कापून, झाडून, मोकळी करून ठेवा. आमच्याकडे कलमं रोगाने मेली त्यापेक्षा वणव्याने जास्त मेली. हे काम पुढे ढकलता येत नाही, आणि एका माणसाने जाळून तर मुळीच करू नये. कापूनच करा.

आंब्याची कलमं कराराने द्यायला हरकत नाही, मीही काही दिली आहेत. पण कागदावर द्या आणि त्यात कल्टारचं, म्हणजे मोहोरासाठी झाडाला देतात त्या औषधाचं, स्पष्ट लिहा. करार एक-दोन वर्षांचा असला की घेणाऱ्याला झाडाच्या पुढच्या आयुष्याची फिकीर नसते, जास्त मोहोर यावा म्हणून तो मात्रा वाढवतो. शिफारस झाडाच्या विस्ताराप्रमाणे आहे, घेराच्या व्यासाच्या दर मीटरला तीन मिली, तेही पावसाळ्यात जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आणि झाड दहा वर्षांच्या पुढचं असेल तरच. त्याला शेणखत कोण घालणार हेही लिहून घ्या. दापोलीला कृषी विद्यापीठ तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे, तिथे एकदा विचारून या.

भाताचं म्हणाल तर तुमच्या दिरांची भीती मला समजते. कुळकायद्याची धास्ती आपल्याकडे अजून घराघरात आहे. १९५७ च्या कृषकदिनाला जमीन कसेल त्याची झाली. ते न्यायाचंच होतं, पण तेव्हापासून दुसऱ्याला कसायला द्यायला लोक कचरतात आणि खलाट्या ओस पडल्या. तोंडी कोणाला देऊ नका. तालुक्याला वकिलाकडून कागद करून घ्या. नाहीच दिली तर ओसाड टाकू नका. कुळीथ, चवळी, पावटा जे जमेल ते थोडं पेरा आणि ई-पीक पाहणी स्वतःच्या फोनवरून स्वतः करा. सातबाऱ्यावर पीक लागलेलं बरं.

---

पोफळीचं आगर

ताई, तुमचं पत्र वाचून ताबडतोब लिहायला बसले.

मी श्रीवर्धन तालुक्यात किनाऱ्यालगत राहते. हे जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून वाडी मीच बघते. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर आहे, सणाला येतो. वय सांगायचं तर साठी ओलांडली.

तुम्ही विचारलंत काय सोडायचं. मी म्हणेन, आधी किती काम आहे हे मोजणं सोडा. मोजलं की जीव घाबरतो आणि कामं तेवढीच राहतात. त्याऐवजी प्रत्येक कामाला दोन गोष्टी विचारा. हे काम थांबू शकतं का? आणि याला दुसरा माणूस लागतोच का? जे थांबू शकतं आणि एकटीने होतं त्याची काळजी करू नका, ते जमेल तेव्हा होईल. जे थांबत नाही आणि दुसऱ्याशिवाय होत नाही ते वर्षभर आधी ठरवून ठेवा. एकटीची वाडी मोडते ती तिथे.

आता बघा. नारळ पाडायला पाडेली मिळाला नाही म्हणून आपण कासावीस होतो. पण तयार नारळ गळून खाली येतो, कुंपण नीट असलं की तो आपलाच आहे. महिनाभर उशीर झाला तर नुकसान थोडं. सुपारीचंही तसंच, पिकलेली खाली पडते, सकाळी टोपली घेऊन वेचायची. मी तर अर्धी सुपारी अशी वेचूनच गोळा करते. अंगणात चाळीस-पंचेचाळीस दिवस चांगलं ऊन लागलं की ती आत खुळखुळते, मग सोलायला वर्षभर आहे. पावसात पडवीत बसून सोलते.

पण पोफळीवरची कोळेरोगाची फवारणी थांबत नाही. ती पाऊस सुरू व्हायच्या आधी झालीच पाहिजे, आणि दुसरी चाळीसेक दिवसांनी उघडीप बघून. चुकली की श्रावणात कोवळी सुपारी पांढऱ्या बुरशीने भरून सडा घातल्यासारखी खाली पडते आणि वर्ष गेलं. झाडावर चढणारा माणूस हवाच. म्हणून माझा माणूस होळीच्या सुमारास ठरलेला असतो, विसार दिलेला असतो आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. मे महिन्यात शोधायला निघाल तर कोणी मिळणार नाही.

त्यातलं जे आपल्याला करता येतं ते मात्र मी दुसऱ्यावर सोडत नाही. बोर्डो मिश्रण मी स्वतः करते. शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. प्लास्टिकची तीन पिंपं घ्यायची, लोखंडी भांडं चालत नाही. मोरचूद खडा असेल तर फडक्यात बांधून आदल्या रात्रीच एका पिंपात पन्नास लिटर पाण्यात लोंबकळत ठेवायचं, सकाळपर्यंत निळंशार पाणी होतं. दुसऱ्या पिंपात चुना विरवून, गाळून पन्नास लिटर करायचा. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचं आणि काठीने ढवळत राहायचं. रंग आकाशासारखा फिकट निळा आला पाहिजे. तयार झालं की घासून लख्ख केलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला, अजून निवळी घाला आणि पुन्हा बघा. पातं स्वच्छ निघालं की वापरायला हरकत नाही. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. रोजावर आलेला माणूस ही विळ्याची परीक्षा करत बसत नाही, आणि कोंब जळतात ते तिथे. वर चढण्याचं काम त्याचं, मिश्रण तुमचं.

माडाला गेंड्या भुंगा लागतो, त्याचंही घर आपल्या हाताखालीच असतं, शेणखताच्या खड्ड्यात. खत उपसताना पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की वेचून मारा, कोंबड्या सोडल्या तर त्याही फडशा पाडतात. शेंड्याच्या नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसायला लागल्या की समजायचं भुंगा वर पोचला, मग पुन्हा चढणारा माणूस शोधा. खड्डा साफ ठेवणं एकटीचं काम आहे आणि ते केलं की दुसऱ्याची गरज कमी होते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरूनच गेलं. सकाळी उभी असलेली वाडी संध्याकाळी आडवी होती. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट उपटले, शेजारच्या वाड्यांची हद्दसुद्धा ओळखू येईना. सासऱ्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी लावलेलं सगळं गेलं. वाडी साफ करायलाच किती काळ गेला. पण पुन्हा लावताना मी जुन्यासारखी लावली नाही. जुनी वाडी घरात सात-आठ माणसं आणि दोन गडी असतानाची होती. नवी मी एका बाईला झेपेल अशी आखली. नऊ-नऊ फुटांवर पोफळी, पण दर काही ओळींनंतर एकचाकी ढकलगाडी जाईल एवढी वाट मोकळी ठेवली. खत, झावळ्या, केळीचे घड, आता काहीच डोक्यावरून न्यावं लागत नाही. पाणी पाटाने न देता नळीने देते आणि सगळ्या नळ्यांच्या चाव्या विहिरीजवळ एका रांगेत आहेत. तिथे उभी राहून मी सगळी वाडी शिंपते. घराजवळ बाणवली न लावता ठेंगणे माड लावले, त्यांचे नारळ शिडीवरून काढता येतात. सावलीला केळी आधी लावल्या, रोपं त्यांच्या आडोशाने वाढली. पोफळी आता कुठे लागायला लागल्या आहेत. तुमची वाडी उभी आहे, तुम्हाला एकदम काही करायचं नाही. पण झाड मेलं, पडलं की त्या जागी पुन्हा तेच लावायच्या आधी विचार करा की हे मला एकटीला जमणार आहे का. दहा वर्षांत वाडी तुमच्या मापाची होईल.

विहिरीबद्दल एक सांगते. तुमचीही खाडीकाठची आहे. मे महिन्यात मोटर एकसारखी चालवली तर पाणी मचूळ व्हायला लागतं, खाली खारं पाणी सरकतं. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, मधे विहिरीला भरू द्या. माडाला ठिबकने दिवसाला तीस-चाळीस लिटर पुरतं.

माणसाचं. पूर्णवेळ गडी मिळणार नाही, तो काळ संपला. पण एखादं जवळच्या वस्तीतलं जोडपं आठवड्यातून दोन अर्धे दिवस येईल का बघा, बारा महिने. बारा महिने हे महत्त्वाचं. आपण काय करतो, अडलं की बोलावतो आणि पावसाळ्यात कोणाला विचारत नाही. त्यांनाही घर चालवायचं असतं. माझ्याकडे जी दोघं येतात त्यांना मी भर पावसातही तेवढाच रोज देते. काम नसेल तर झाडू वळायला हीर काढतात, विऱ्या साठवतात, गोठ्याची डागडुजी करतात. म्हणून आंब्याच्या धामधुमीतही माझे दोन अर्धे दिवस ते चुकवत नाहीत.

आणि गाय. हे मी शेवटी ठेवलं कारण इथे मन गुंततं. वाडी तुम्हाला चार दिवस परगावी जाऊ देईल, गाय एक रात्र जाऊ देणार नाही. धार थांबत नाही. तुमच्या घरात दुसरी बाई ८२ वर्षांची आहे. उद्या तुम्हाला ताप आला, सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, तर गोठ्यात कोण? याचं उत्तर असेल तर गाय ठेवा, शेणखत घरचं मिळतं त्यासारखं सुख नाही. उत्तर नसेल तर विकायच्या आधी अर्धेलीने देऊन बघा. मी तेच केलं. शेजारच्या घरी माझी गाय आहे, चारा-पाणी त्यांचं, दूध त्यांचं, मला रोज सकाळी तांब्याभर दूध येतं, शेण माझ्या खड्ड्यात आणि वासरू निम्मं-निम्मं. ठेवणार असाल तर निदान तिला दुसऱ्या हाताची सवय लावा. एकाच माणसाला धार देणारी गाय त्या माणसाला बांधून घालते.

तुमच्या क्रमाने सांगायचं तर भात सोडा, सड्यावरची कलमं कराराने द्या, काजू ठेवा, गायीचा विचार करा. वाडीला हात लावू नका.

---

रात्रपाळी

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, रायगड-रत्नागिरीत बरीच वर्षं काढली. वरच्या ताईंनी वाडीचं सांगितलं, मी वाडीत एकट्या असणाऱ्या माणसाचं सांगते, कारण अशी माणसं आमच्याकडे उशिरा येतात.

फुरसं आणि घोणस पाचोळ्यात, गडग्याच्या फटीत, लाकडांच्या रचाईत असतात. झावळ्या उचलताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. गुडघ्यापर्यंतचे बूट पावसाळ्यातच नव्हे, बारा महिने घाला. साप चावलाच तर घट्ट आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा, मांत्रिकाकडे वळायचं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून किंवा पकडून आणायची गरज नाही.

तांबडा विंचू कोकणात फार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली तेव्हापासून विंचूदंशाने मरणारी माणसं वाचायला लागली. पण ते औषध वेळेत पोटात जावं लागतं. घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर घरी थांबू नका.

शिपताना, चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर लेप्टोची (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते. पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्या दुखणं असं एकत्र आलं की दुकानातली गोळी घेऊन झोपू नका, आमच्याकडे या.

मोटरच्या खोलीत अर्थ लीकेजचा ब्रेकर बसवून घ्या. ओल्या हाताने, अनवाणी पायाने स्टार्टरला हात लावून माणसं गेलेली मी पाहिली आहेत. शेजारी माणूस असता तर लाकडाने बाजूला केलं असतं.

आणि रोज सकाळी कोणाला तरी एक मेसेज करा. तुमच्या मुलीला करा. ठरलेल्या वेळेपर्यंत आला नाही तर तिने शेजारी फोन करायचा. वाडीत जिथे रेंज येते ती जागा माहीत करून घ्या, फोन कमरेला पिशवीत ठेवा, घरात ठेवून जाऊ नका. १०८ ची गाडी तुमच्या घरापर्यंत येत नसेल तर ती कुठपर्यंत येते हे आजच बघून ठेवा आणि तिथपर्यंत सासूबाईंना कसं न्यायचं तेही ठरवा.

---

कुळागर

मी गोव्यातून, फोंडा महालातून. आमचं कुळागर डोंगराच्या पायथ्याला, वरून झऱ्याचं पाणी येतं, त्यामुळे शिपण्याचा त्रास तुमच्यापेक्षा कमी. बाकी सगळं तेच. मी आणि आई, दोघंच.

पाडेल्याबद्दल एक उपाय आमच्याकडे चालतो. एका कुळागरात पाडेल्याला पुरेसं काम नसतं, म्हणून तो येत नाही. आम्ही शेजारच्या पाच-सहा जणांनी मिळून त्याचा आठवडाच धरला. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, जेवण ज्याच्या घरी काम असेल त्याच्याकडे. त्याला सलग काम मिळतं, पैसे एकत्र मिळतात, आणि आम्हाला तो सुटत नाही. फवारणीलाही तसंच करतो. तुमच्या आळीत एकट्या तुम्हीच नसाल, आजूबाजूच्या घरांतही म्हातारी माणसंच असतील. सगळ्यांनी मिळून धरा.

नारळ विकास मंडळातर्फे यंत्राने माडावर चढायचं प्रशिक्षण देतात, मुलींनीही ते घेतलेलं आहे. गावातल्या एखाद्या तरुण मुला-मुलीला पाठवता आलं तर बघा. पायात अडकवायचं यंत्र आहे, कंबरेला पट्टा. कमाई चांगली होते.

मिरीचे वेल पोफळीवर चढवले आहेत का? नसतील तर लावा. एकदा लागला की वर्षाचं काम फार नाही, घोस खालून शिडीने काढता येतात, आणि वाळवलेली मिरी डब्यात ठेवली तर दर बघून विकता येते. नासणारा माल एकट्या माणसाला पळवतो. केळं आज पिकलं की आज विकावं लागतं. सुपारी, मिरी, जायफळ, काजूबी हा थांबणारा माल. तो वाढवा, केळी घरापुरती ठेवा.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी कोळेरोगाचं ऐकून सांगितलं की सासरे मोरचूद तांब्याच्या घंगाळात भिजवायचे, पिंपं तेव्हा नव्हतीच.

भाताचं ठरवलं. यंदा लावणी करणार नाही, कुळीथ आणि चवळी पेरेन आणि पीक पाहणी स्वतः करेन. दिरांशी यांनी बोलायचं कबूल केलं आहे. कलमं करारानेच देऊ, पण कल्टारचं लिहून घेतल्याशिवाय नाही.

सकाळचा मेसेज मुलीने लगेच ठरवून टाकला, तिलाच जास्त बरं वाटलं. ब्रेकरसाठी वायरमनला सांगितलं आहे.

पोफळीचं आगर ताई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे सामायिक घराचं. शाकारणीला, कौलं चाळायला दरवर्षी खर्च येतो, लाकडाला वाळवी लागली तर वेगळाच. चुलत दीर-जावा मे महिन्यात आणि गणपतीत येतात, प्रेमाने राहतात, आंबे-नारळ घेऊन जातात. पैशाचा विषय काढायला मला जड जातं. तुम्ही काय करता?

दुसरं, गायीबद्दल सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, पाडी ठेव आणि गाय दे. उलटं करावं की त्या म्हणतात तसं?

---

पोफळीचं आगर

सासूबाईंचं बरोबर आहे. पाडीला अजून धार नाही, म्हणजे एखादी रात्र शेजारणीने पेंढा-पाणी केलं तरी भागतं. ती माजावर येऊन विते तोवर तुमच्या हाती दोनेक वर्षं आहेत, तेवढ्यात त्या जोडप्याची गाठ पडली तर धारेचाही प्रश्न सुटेल. आपली कोकण कपिला अंगाने लहान, रानात चरून पोट भरणारी. आहार जास्त मागत नाही. दूध थोडं, पण घरापुरतं होतं.

सामायिक खर्चाचं. मी पैसे मागत नाही, वही ठेवते. शाकारणी, लाकूड, वीजबिल, घरपट्टी, मजुरी, जे घराला लागलं ते तारखेसकट लिहिते, वाडीचा हिशेब वेगळ्या वहीत. मे महिन्यात सगळी जमली की एका दुपारी घराची वही ओटीवर मधे ठेवते आणि मोठ्या दिरांना मोठ्याने वाचायला सांगते. पहिल्या वर्षी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी धाकट्या जाऊबाईंनीच विचारलं की आमच्या वाट्याला किती येतात. आता कौलांचा खर्च चौघांत होतो.

आणि शाकारणीची तारीख तेव्हाच ठरवा जेव्हा त्यांची मुलं इथे असतील. कौलं हातोहात देण्यासाठी चार तरुण माणसं लागतात, ती घरचीच असू देत. आमच्याकडची मुलं आता मेच्या तिसऱ्या आठवड्यातली रजा त्यासाठीच टाकतात.

मिरीबद्दल कुळागर यांनी जे लिहिलंय त्यात एक भर. पोफळ निदान सात-आठ वर्षांची झाल्याशिवाय वेल चढवू नका आणि शेंड्याच्या खाली दोन-तीन हात मोकळं ठेवून वेल खुडा, नाहीतर फवारणीवाला चढायला तयार होत नाही.

---

खाडीकाठ

वहीचं पटलं. या मे महिन्यातच सुरू करते, मागची बिलं शोधून ठेवलीत. पाडी ठेवून गाय अर्धेलीने द्यायची, शेजारी विचारलं, ते तयार आहेत. आमच्या आळीतल्या चार घरांशी पाडेल्याचं बोलणं झालं, एकाने स्वतःहूनच फवारणीही एकत्र करू म्हटलं.

मिरीची रोपं विद्यापीठातून कुठली घ्यावीत यावर वेगळा धागा काढते, इथे नको. कुळागर दादा, तिथे नक्की लिहा.